ऐरोलीच्या पुलाखालचं पाणी

ऐरोलीच्या पुलावर बस आली की मी खिडकीतून खाडी बघते. पौर्णिमेला उधाण, पाणी थेट कांदळवनात. अष्टमीला भांग, पाणी जेमतेम हललेलं. दिवसभर मी याच भरतीची गणितं करते, फक्त खोल समुद्रातली.

तिथे भरतीचं पाणी बुडालेल्या डोंगररांगांवरून वाहताना हलक्या-जड थरांमध्ये लाटा उठवतं. आत कधी शंभर मीटरहूनही उंच, पृष्ठभागावर काही सेंटिमीटर! भरती-ओहोटीची सुमारे १ टेरावॉट (दहा लाख मेगावॉट) ऊर्जा अशी खोल समुद्रात जिरते आणि त्या घुसळणीमुळे तळाचं गार पाणी हळूहळू वर येऊ शकतं.

हवामानाच्या संगणकी मॉडेलच्या जाळीचा एकेक चौकोन दहा-दहा किलोमीटरचा किंवा त्याहून मोठा, लाट फुटते काही मीटरांत, म्हणजे ती जाळीत दिसतच नाही. मग सूत्र वापरावं लागतं. २००२ पासून रुळलेलं सूत्र म्हणतं, एक तृतीयांश ऊर्जा उगमापाशीच जिरते. हवाई बेटांच्या बुडालेल्या डोंगररांगेपाशी प्रत्यक्ष मोजलं, तर हा वाटा बराच कमी निघाला. उरलेली ऊर्जा हजारो किलोमीटर प्रवास करते, आणि कित्येक मॉडेलांत तिच्या जागी सगळ्या समुद्रभर घुसळणीचा एकच ठोकळ आकडा असतो. मला हे फार खटकतं. ती लाट कुठल्या उतारावर फुटते, तेच शोधायचंय मला.