सूपचा वाडगा आणि फूड बँकेचा हिशोब

'एम्प्टी बोल्स' (रिकामे वाडगे) ही अमेरिकेतल्या कुंभारांची चळवळ 1990 च्या सुमारास मिशिगनमध्ये सुरू झाली. जॉन हार्टम या कलाशिक्षकाने विद्यार्थ्यांकडून वाडगे करून घेतले, लोकांना त्यातून सूप-पाव वाढला आणि जमलेले पैसे भुकेल्यांसाठी दिले. जेवणारा आपला वाडगा घरी घेऊन जातो. लिसा ब्लॅकबर्न यांच्यासोबत त्यांनी ही कल्पना पुढे नेली. आज कितीतरी गावांत अशी जेवणं होतात आणि पैसा त्या त्या गावातच राहतो. अमेरिकेतल्या अनेक हौशी मराठी कलाकारांनाही आपले वाडगे विकून असं काही करावंसं वाटतं. इच्छा मोलाची आहे, पण वाडगा आणि हिशोब दोन्ही पक्के हवेत.

आधी वाडगा. एका माणसाचं सूप, म्हणजे साधारण 350 मिली, मावायला 600 ते 700 ग्रॅम स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची) माती पुरते. ही माती वाळून आणि भाजून सुमारे 12 टक्के आकसते, म्हणून तयार वाडगा 14 सेंटिमीटरचा हवा असेल तर चाकावर तोंड 16 चं ठेवायचं. तळाची माती मधोमध नीट दाबली नाही, तर वाळताना तिथे इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडते. ती बहुतेक वेळा भट्टीतून निघाल्यावरच दिसते, तोवर सगळी मेहनत वाया गेलेली असते. पहिली भाजणी साधारण 1060 अंश सेल्सियसला, मग ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकाकणारा लेप, लावून दुसरी 1220 च्या आसपास. बुडाकडचे पाच-सहा मिलिमीटर ग्लेझ पुसून टाकायचं, नाहीतर ते ओघळून वाडगा भट्टीच्या फळीला चिकटतो.

ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं, की त्यावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उमटतं. ते दिसायला सुंदर असतं, पण सूपच्या वाडग्याला चालत नाही. सोपी परीक्षा म्हणजे वाडगा पाण्याने भरून रात्रभर कागदावर ठेवायचा. सकाळी कागद दमट लागला, तर तो वाडगा जेवणासाठी देऊ नये. ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेवून पाहावी. रंग बदलला तर वाडगा बाद. मात्र रंग टिकला म्हणून ग्लेझ निर्धोक ठरत नाही. शिसं आहे की नाही, हे प्रयोगशाळाच सांगू शकते.

आता पैसा. 'विक्रीतला काही भाग भुकेल्यांसाठी' असं मोघम लिहिणं आम्हाला मुळीच पटत नाही. किती, कुणाला आणि कधीपर्यंत, हे गिऱ्हाइकाला खरेदीआधीच कळलं पाहिजे. टक्केवारीपेक्षा ठरावीक रक्कम बरी: 'प्रत्येक वाडग्यामागे 5 डॉलर, 30 नोव्हेंबरपर्यंत, अमुक फूड बँकेला'. कारण 40 डॉलरच्या वाडग्यावर गॅलरीने निम्मं कमिशन घेतलं की हातात 20 येतात. किमतीच्या 25 टक्के कबूल केले असतील तर त्यातले 10 गेले, आणि उरलेल्या 10 मध्ये माती, ग्लेझ, वीज, पॅकिंग सगळं बसवायचं. संस्थेचं नाव किंवा लोगो वापरण्याआधी लेखी परवानगी घ्यावी. मॅसॅच्युसेट्स, अलाबामासारख्या काही राज्यांत दान जाहीर करून माल विकणाऱ्या व्यावसायिकासाठी नोंदणीचा नियम आहे, तोही आधी पाहावा.

करात बरेच जण फसतात. स्वतः घडवलेला वाडगा दान केला, तर 40 डॉलरची वजावट मिळत नाही, फार तर साहित्याच्या खर्चाची मिळते. विकून रोख दान केलं, तर पूर्ण विक्री उत्पन्नात धरली जाते. ते दान वैयक्तिक समजलं जातं, धंद्याच्या खर्चात बसत नाही, म्हणून त्या पैशावरही स्वयंरोजगार कर लागू होतो. एका वेळी 250 डॉलर किंवा जास्त दिले असतील तर संस्थेची लेखी पावती लागते.

दान कुणाला, हेही नीट ठरवावं. फूड बँक म्हणजे मोठं गोदाम. तिथून माल फूड पॅन्ट्रीत जातो आणि पॅन्ट्री तो घरोघरच्या माणसांना देते. जगातली पहिली फूड बँक 1967 मध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगल यांनी सुरू केली. फूड बँका घाऊक भावात घेतात आणि दान आलेला माल हलवण्याची व्यवस्था त्यांच्याकडे असते, त्यामुळे डब्यांपेक्षा रोख रकमेतून जास्त ताटं भरतात. लहान पॅन्ट्रीला मात्र कधी कधी फ्रीज किंवा गाडीच्या पेट्रोलची जास्त निकड असते, तेव्हा आधी फोन करून विचारावं.

आपल्या लोकांनी एक गोष्ट विसरू नये. एच-4 वर, म्हणजे एच-1बी वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल आणि कामाचा परवाना नसेल, किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत वारली चित्रांचा स्टॉल लावणंही अडचणीचं ठरू शकतं. सगळे पैसे दान केले तरी विक्री ती विक्रीच. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. त्यापेक्षा एखाद्या 'एम्प्टी बोल्स'च्या आयोजकांकडे स्वयंसेवक म्हणून जा. जेवणाच्या काही महिने आधी अनेक स्टुडिओ वाडगे घडवण्याचा दिवस ठेवतात, माती आणि भट्टी त्यांचीच असते, आणि चाक न येणाऱ्यांना ग्लेझ लावायला, बूड घासायला, सूप वाढायला हात हवेच असतात.