कोकिळा भूर

२ एप्रिल, बुधवार. रात्रीचे पावणेबारा.

सगळे झोपलेत. मीही झोपायला हवं, सहाचा गजर लावलाय, पण झोप येत नाहीये आणि कुणाला सांगावं तर त्यात सांगण्यासारखं काहीच नाही, म्हणून लिहितेय.

आज सकाळी पिल्लू रडलं नाही.

एवढंच झालं. गेले दहा महिने मी रोज सकाळी घरातनं निघताना ते रडतंय. कधी नुसतं मुसमुसतं, कधी दाराच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून असं रडतं की खालच्या मजल्यावरच्या काकू दार उघडून बघतात. मी चोरासारखी निघून पाहिलं, सांगून निघून पाहिलं, पापा घेऊन, न घेता, हातात बिस्किट देऊन, सगळं करून झालं. आणि रोज बसमध्ये बसून मी मनात एकच म्हणायचे, देवा, एक दिवस तरी हे न रडता राहू दे. आज राहिलं. तर मी सकाळपासनं अशी का झालेय मलाच कळत नाहीये.

झालं असं. सव्वासात वाजले होते, मी स्टुलावर बसून सँडलचा पट्टा लावत होते, आई पिल्लूला कडेवर घेऊन खिडकीत उभ्या होत्या. समोरच्या बंगल्यातल्या आंब्याचा मोहोर गळून आता बोराएवढ्या कैऱ्या लागल्यात, आणि त्या झाडात पहाटे पाचपासनं कोकिळेचं सुरू असतं. दिसत मात्र नाही कधीच. आम्ही पिल्लूशी बुवाकुक खेळतो ना, पडद्यामागं लपायचं आणि 'कूऽऽक' करायचं, तर त्याला वाटतं झाडातही कुणीतरी लपून कूक करतंय. गेला आठवडाभर ते खिडकीत मान वाकडी करून शोधतंय, 'कुक? कुक?' करत. तर आज आई त्याला म्हणाल्या, "ती कोकिळाबाई आहे सोन्या. ती ना, आपली अंडी काऊच्या घरट्यात ठेवते आणि भूऽऽर जाते. मग काऊ बघतो हो सगळं."

पिल्लूनं मान वळवली. माझ्याकडं बघितलं, माझ्या पर्सकडं बघितलं, सँडलकडं बघितलं. आणि अगदी शांतपणे म्हणालं, "आई भूर."

आणि परत झाडाकडं वळलं.

मी दार ओढून घेतलं. जिना उतरताना पहिल्या वळणावर लाइटच्या मीटरची पेटी आहे, तिथं आलं की रोज वरनं रडणं ऐकू येतं, म्हणजे इतकं ठरलेलं की माझे पाय तिथं आपोआप थांबतात. आजही थांबले. वरनं काहीच नाही. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मी पेटीला टेकून उभी राहिले, म्हटलं आता येईल, आता आठवेल त्याला, एक मिनिट झालं असेल नाहीतर दोन, खाली कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला तेव्हा भान आलं. मी त्याच्या रडण्याची वाट बघत उभी होते. हे मी आज दिवसभरात कुणालाच सांगितलं नाहीये.

गेल्या महिन्यात लसीच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते की आठ-नऊ महिन्यांपासनं मुलांना आई दिसेनाशी झाली की भीती वाटायला लागते, दहा ते अठरा महिन्यांत ती सगळ्यात जास्त असते आणि मग हळूहळू ओसरते. बुवाकुक खेळा म्हणाले भरपूर, गेलेलं माणूस परत येतं हे त्याला त्यातनं कळतं. पिल्लू एकवीस महिन्यांचं झालंय. म्हणजे सगळं वेळच्या वेळी चाललंय, आणि खरं तर मी आज पेढे वाटायला हवेत.

पण ते कोकिळेचं.

आई टोमणा मारणाऱ्यातल्या नाहीत. आमटी खारट झाली तर खारट झाली म्हणतात आणि जेवतात. चार वर्षांत त्यांनी मला आडून काही बोललेलं मला आठवत नाही. म्हणजे तो टोमणा नव्हता, मुलाला सांगायची साधी गोष्ट होती, मलाही लहानपणी कुणीतरी सांगितलीच असेल. पण मग मला जास्तच लागलं. टोमणा असता तर मी रागावले असते आणि विषय संपला असता. टोमणा नाही म्हणजे ते नुसतं खरं आहे, अंडं दुसऱ्याच्या घरट्यात ठेवून मी रोज सव्वासातला भूर जाते, आणि पिल्लालाही आता ते कळलंय आणि त्याची काही तक्रार नाही.

बसमध्ये मी फोनवर कोकिळेबद्दल वाचत बसले. चांदणी चौक येईपर्यंत तेच. पहिली गोष्ट ही कळली की ते जे कुहूकुहू करतं ते मादी नसतेच, तो नर. काळा कुळकुळीत. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, तिचा आवाज म्हणजे नुसतं किक किक किक. आणि आपण जन्मभर कोकिळा गाते म्हणतो. म्हणजे झाडात बसून दिवसभर गातो तो बाप, आणि अंडी ठेवून भूर गेली म्हणून गोष्ट मात्र तिची. बाबा पण रोज साडेआठला निघतो, पिल्लू त्याला हसत टाटा करतं, त्याच्यावर कधी कुठल्या पक्ष्याची गोष्ट... जाऊ दे, त्यावर लिहायला बसले तर रात्र पुरायची नाही.

दुसरं असं वाचलं की दुसऱ्याच्या घरट्यात वाढलेल्या पिल्लांना कोकिळेची मादी येऊन भरवून जाते, असं काही ठिकाणी पक्षी बघणाऱ्यांनी पाहिलंय. नेहमीच करते असं नाही, पण पाहिलंय. मी ते वाक्य तीनदा वाचलं. एवढं बरं वाटलं मला की डोळे भरून आले, आणि मग लगेच वाटलं की बाई, तू सकाळी सव्वासातला निघून संध्याकाळी सातला परत येतेस, रात्रभर त्याचा पाय तुझ्या बरगडीवर असतो, तुला का हवाय एका पक्षिणीचा दाखला.

तरी मनातनं जाईना. ऑफिसात कॉल चालू असताना मी वहीच्या कडेला 'भूर' लिहून ठेवलं होतं. भूर म्हणजे आमच्याकडं आत्तापर्यंत फक्त मजेचा शब्द होता. बागेत भूर, गाडीवरनं भूर, भाजी आणायला भूर. पिल्लू स्वतःची टोपी स्वतः आणून माझ्या मांडीवर ठेवायचं, "भू, भू," म्हणून. 'र' आत्ता आत्ता यायला लागला होता, पाडव्याच्या आसपास. आणि तो नवाकोरा 'र' लावून त्यानं पहिलं काय म्हटलं, तर आई भूर.

माझी २६ आठवड्यांची रजा संपली तेव्हा सगळे म्हणाले नशीबवान आहेस, आधी १२च आठवडे मिळायची, २०१७ला कायदा बदलला म्हणून एवढी मिळतेय. पुढचे काही महिने घरून काम मिळालं. नशीबवान आहेच मी. माझ्या आईनं तर मला तीन महिन्यांची असताना शेजारच्या मावशींकडं ठेवलं होतं, पण ती त्याबद्दल काही बोलत नाही आणि मीही कधी विचारलं नाही. उद्या फोन करेन कदाचित.

संध्याकाळी घरी आले तेव्हा पिल्लू पळत आलं नाही. देवघरासमोर फतकल मारून बसलं होतं. आईंनी चैत्रगौर मांडलीय, पितळेचा छोटा झोपाळा आहे त्यांच्या सासूबाईंचा, त्यात गौर. महिनाभर माहेराला आलीय ती, बसलीय आरामात झोपाळ्यात. पिल्लू एका बोटानं झोपाळा हलवत होतं आणि "जो जो, जो जो" म्हणत होतं. एका गालावर काहीतरी चिकट वाळलेलं. पाडव्याची साखरेची गाठी अजून संपली नाहीये, त्यातली दोन पदकं चोखून चोखून काचेसारखी झालीत, ती त्यानं गौरीपुढं ठेवली होती. मी "पिल्लू" म्हटलं तर मान वर करून गोड हसलं आणि परत जो जो.

आणि सोफ्यावर आई. बसल्या बसल्याच झोपल्या होत्या, मान एका बाजूला कललेली, मांडीवर पिल्लूचा एक मोजा उलटा, हात तसाच त्याच्यात अर्धा. गुडघ्याला बामचा वास. किचनमध्ये किसलेल्या कैरीचा वाडगा झाकून ठेवलेला, आंब्याची डाळ करायची होती उद्याच्या हळदीकुंकवाला.

मी पाणी प्यायले. डाळ मिक्सरला लावायला घेतली तर आवाजानं त्या उठून आल्या, "अगं मी करते ना, तू आत्ता आलीस," वगैरे. आणि कसं काय माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, ती सकाळची कोकिळेची गोष्ट..."

"कुठली गं?"

"अंडी ठेवून जाते ती."

"ती होय," त्या म्हणाल्या, "ती कावळ्याची गोष्ट आहे."

मी मिक्सरवर हात ठेवून तशीच उभी राहिले.

"लहानपणी मला वाटायचं," कढीपत्त्याची पानं काढता काढता त्या बोलत होत्या, माझ्याकडं न बघता, "कावळा कसला खुळा, दुसऱ्याचं पिल्लू वाढवतो नि त्याला कळतही नाही. आता वाटतं, न कळायला काय झालं? रोज भरवतो तो. भरवणाऱ्याला कळतंच." मग मला डाळीची चव बघायला लावली. मीठ कमी होतं.

तेव्हापासनं माझ्या डोक्यात हे फिरतंय. मी अख्खा दिवस त्या गोष्टीत कोकिळा होऊन फिरले. मला काय वाटतं, माझं काय चुकतं, माझं पिल्लू मला विसरलं का. आणि जिनं ती गोष्ट सांगितली ती त्यात स्वतःला कावळ्याच्या जागी ठेवून सांगत होती, हे माझ्या मनालाही शिवलं नाही. ज्याला गोष्टीत सगळे खुळा म्हणतात त्याच्या जागी. बारा तास. रिटायर झाल्यावर त्यांना बसनं नर्मदा परिक्रमेला जायचं होतं, मैत्रिणींचा ग्रुप ठरला होता, पैसे भरले होते. ते पैसे परत घेतले तेव्हा मी सातव्या महिन्यात होते आणि मला वाटलं होतं, बरं झालं.

पिल्लू आज रडलं नाही ते मला विसरलं म्हणून नाही. त्याला तिथं बरं वाटत होतं म्हणून. आणि तिथं बरं वाटावं म्हणून कुणीतरी दहा महिने रोज, मी मीटरच्या पेटीपाशी डोळे पुसून खाली उतरल्यावर, ते रडणं कडेवर घेऊन खिडकीत उभं राहिलंय. मला फक्त जिन्यापर्यंतचं रडणं माहितीये. पुढं ते कसं थांबायचं, किती वेळानं थांबायचं, हे मी एकदाही विचारलं नाही. कसं नाही विचारलं? गप्प झालं की मेसेज करा असं सांगितलं होतं मी, आणि मेसेज यायचा, 'खेळतोय.' मला तेवढं पुरायचं.

वाईट वाटतंयच अजून. पण सकाळचं वाईट वाटणं आणि हे, एक नाही.

साडेबारा झाले. पिल्लूनं आत्ता झोपेत कूस बदलली आणि माझ्या जागेवर आडवं पसरलंय.

४ एप्रिल, शुक्रवार.

आज घरून काम घेतलं. मॅनेजरला सांगितलं घरी काम आहे, त्यानं पुढं काही विचारलं नाही. आईंच्या गुडघ्यासाठी फिजिओथेरपी दिवाळीपासनं 'पुढच्या आठवड्यात' होती. आज अकराची वेळ घेतली. सोबत येते म्हटलं तर म्हणाल्या, याला उन्हात कशाला, मी जाते रिक्षानं. ऊन खरंच तापायला लागलंय, त्यांनी ती हिरवी छत्री घेतली, चप्पल घातली, आणि पिल्लूला म्हणाल्या, "येते हं."

दार लागलं आणि पिल्लूनं जो टाहो फोडला. "आज्जीऽऽ." जाळीला दोन्ही हातांनी धरून. मी मागं उभी, माझ्याकडं वळून पण बघेना. उचलून घेतलं तर पाठीची कमान करून निसटायला बघत होतं, लाल झालं होतं, बिस्किट फेकून दिलं. माझा कॉल सुरू व्हायला सात मिनिटं होती. किती वेळ लागतो हे थांबायला, मला खरंच माहीत नव्हतं.

मग मी त्याला खिडकीत नेलं. दुसरं काही सुचलंच नाही. ते माझ्या खांद्यावर नाक पुसत हुंदके देत होतं, ब्लाऊज ओला झाला पार. झाडातनं कूऽऽ झालं. ते थांबलं एकदम. हुंदका अर्धाच राहिला. मान वाकडी करून बघायला लागलं.

"कुक?"

"हो, कुक," मी म्हटलं.

"आज्जी भूर."

"हो. आज्जी भूर. येईल हं आता."

कॉल सुरू झाला, मी कानात इयरफोन घालून माइक बंद ठेवला आणि तशीच उभी राहिले, कारण खुर्चीकडं वळलं की ते ओठ काढायचं. हात भरून आला, मग दुसरा भरून आला. कठड्यावर एक कावळा येऊन बसला, आत बघून गेला. बारा वाजायला आले तेव्हा गेटपाशी रिक्षा थांबली, आणि पिल्लू माझ्या आधी ओरडलं, मला दिसायच्या आधी त्याला ती हिरवी छत्री दिसली होती.