पंगतीचा हिशेब

सोमवार

आज चुलीचं काही नाही, नुसती आकडेमोड. शनिवारी 150 पानांची पंगत, तिकीट 1,500 रुपये. जमेल ते सगळं पुण्यात खोली करून शिकणाऱ्या, मेसचे पैसे न झेपणाऱ्या मुलामुलींच्या जेवणासाठी. सदाशिव पेठ, नारायण पेठेत एका डब्यात दोघं जेवणारी मुलं शोधावी लागत नाहीत.

150 पानं म्हणजे 150 तिकिटं नव्हेत, हे वहीच्या पहिल्या ओळीत लिहायचं. आचारी, वाढपी, पाहुणे आणि ती मुलं मिळून 25 पानं बिनतिकिटाची. राहिली 125, म्हणजे जमा 1,87,500. खर्चात पानामागे 350 धरले तर 52,500, हॉल 15,000, भांडी, पाण्याचा टँकर, छपाई मिळून 10,000. हातात 1,10,000. दोन्ही वेळची मेस महिन्याला 3,000 आणि वर्षाचे दहा महिने धरले, तर एका मुलाला 30,000 लागतात. एवढा घाट घालून चार मुलंसुद्धा होत नाहीत.

तिकीट वाढवण्यापेक्षा खर्च कापणं सोपं. मार्केट यार्डात तांदूळ, डाळ, तेल, कणीक वस्तुरूपानेच मागायची. व्यापाऱ्याला पोतं देणं रोख देण्याइतकं जड जात नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी बोर्डिंगातल्या मुलांसाठी घरोघरून मुष्टिफंडाचं धान्य जमवलं, त्यामागेही हाच व्यवहार होता: घरात असेल त्यातली मूठभर. आणि हॉल शाळेचा घ्यावा. खर्च 25,000 वर आणता आला तर 1,62,500 उरतात. पाच मुलांचं वर्ष निघतं.

मंगळवार

पावत्या. तिकिटाच्या बदल्यात जेवण मिळतं, त्यामुळे तिकिटाची रक्कम देणगीत घालायची नाही. दोन पावतीपुस्तकं वेगळी ठेवायची. देणगीच्या पावतीवर नाव, पत्ता, पॅन हवाच. यूपीआयने नुसती रक्कम आली की देणारा कोण हे शोधण्यात मार्च उजाडतो. 2,000 च्या वर रोख दिली तर देणगीवरची आयकरातली सवलत (80जी म्हणतात ती) मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती मुळातच नाही. हे आधी सांगितलं की मागाहून वाद होत नाहीत.

परदेशातून पाठवू म्हणणाऱ्यांना पहिला प्रश्न पासपोर्टचा. भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे बँकेतून येत असतील तर अडचण नाही. नागरिकत्व तिकडचं घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, ते परकीय योगदान ठरतं. एफसीआरए (परकीय योगदान नियमन कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेने ते घ्यायचं नाही, देणारा कितीही जवळचा असो.

गुरुवार

मटकी सकाळीच भिजत घातली, साडेचार किलो. डिसेंबरात मोड यायला वेळ लागतो. शुक्रवारी भिजवली तर शनिवारी नुसती फुगलेली मटकी हाती लागते आणि उसळ पिठूळ होते. रात्री उपसून कापडात बांधून उबेला ठेवायची.

बाकीची यादी: मसालेभाताला आंबेमोहोर 9 किलो, साध्या भाताला 6, तूरडाळ 4, बटाटे 15. माणशी चार पुऱ्या धरून 600. किलोभर कणकेत 55 ते 60 निघतात, म्हणून कणीक 11 किलो. तेलाचा 15 किलोचा एक डबा. मठ्ठ्याला दही 9 किलो. जिलबी 15 किलो, हलवायाकडून, आणि ती संध्याकाळी सहाच्या आधी नको. दुपारी आणून झाकून ठेवलेली जिलबी वाफेने मऊ पडते.

गॅसचे 19 किलोचे व्यावसायिक सिलिंडर दोन एकदम जोडून. घरगुती सिलिंडर अशा कामाला चालत नाही. एकाच सिलिंडरवर दोन मोठ्या शेगड्या ओढल्या की थंडीत त्याला बाहेरून दव धरतं, आच मंदावते आणि पुऱ्या तेल पिऊ लागतात.

शनिवार

मसालेभात. नऊ किलो एका पातेल्यात लावायचा नाही. वरच्या भाताच्या वजनाने खालचा चेचला जातो, मधला कच्चा राहतो, बुडाशी करपतो. साडेचार-साडेचार किलोची दोन जाड बुडाची पातेली. घरी तांदळाच्या दुप्पट किंवा जास्तच पाणी घालतो. मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी जाते, तेव्हा पावणेदोन पट आधणाचं पाणी पुरतं. गोडा मसाला किलोला 20 ग्रॅम, मीठ 25 पासून सुरुवात करून आधणाची चव घ्यायची. तोंडली तेलावर आधी परतून. पाणी तांदळाच्या पातळीला आलं की आच अगदी बारीक, झाकणावर निखारे किंवा वजन, आणि मग वीस मिनिटं कुणीही झाकण उघडायचं नाही. शेवटची अट पाळून घेणं सगळ्यात अवघड.

कोशिंबिरीला मीठ पंगत बसताना. अर्धा तास आधी घातलं तर काकडीचं पाणी पानभर पसरतं.

75 च्या दोन पंगती, एकेक चाळीस मिनिटांची, पंधरा पानांमागे एक वाढपी. "काका, भात?" असं विचारून अर्धा डाव वाढायचा, हवं तर पुन्हा यायचं. आग्रह करून वाढलेलं पानात राहतं आणि ते कुणाच्या पोटात जात नाही.

देणगीचं आवाहन पानं मांडायच्या आधी, पाच-सहा मिनिटं, दोन्ही पंगतींना वेगवेगळं. क्यूआर कोडची पाटी टेबलावर ठेवण्यात अर्थ नाही. वरण-भाताने हात भरलेला माणूस फोन काढत नाही. ती हात धुऊन बाहेर पडताना, विड्याच्या तबकापाशी. शेजारी पॅन लिहून घ्यायला एकजण वही घेऊन उभा.

मुलांबद्दल आमचं मत पक्कं आहे. त्यांना व्यासपीठावर उभं करायचं नाही, परिस्थिती सांगायला लावायची नाही, वाढायला उभं करून "हीच ती मुलं" म्हणून दाखवायचं तर मुळीच नाही. ती पंगतीत बसतील, इतरांसारखी, देणगीदारांच्या मध्ये. माधुकरी मागून आणि वार लावून जेवून शिकलेल्यांच्या पिढ्या पुण्याने पाहिल्या आहेत. पोटभर मिळालं तरी दारात उभं राहण्याचं दुखणं त्यातले किती तरी जण म्हातारपणापर्यंत बोलून दाखवत. देणगीदाराला पटायला महिन्याचा मेसचा आकडा पुरतो. त्याने पटत नसेल तर रडवून काढलेली देणगी पुढच्या वर्षी परत येत नाही.

उरलेलं अन्न: पातेल्यातलं, हात न लागलेलं आणि वाफ धरून गरम राहिलेलं तेवढंच पाठवायचं. वसतिगृहाला दुपारीच फोन करून ठेवायचा, म्हणजे नऊला निघालेलं साडेनऊला जेवलं जातं. कोमट झालेला भात रात्रभर ठेवून सकाळी कुणालाही द्यायचा नाही. शिजलेल्या भातात टिकून राहणारे जंतू कोमटपणातच वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही.

रविवार

देणग्या वेगळ्या ठेवून तिकिटांचा हिशेब जुळला: 1,62,500. पैसे मुलांच्या हातात नाहीत आणि वर्षाचे एकदम मेसवाल्यालाही नाहीत. दर महिन्याच्या पाच तारखेला मेसच्या खात्यात. मुलाने मध्येच मेस बदलली तर पैसे त्याच्यामागे जायला हवेत. आगाऊ भरलेले परत मिळवताना महिने जातात.

पाच मुलांचे 1,50,000 बाजूला काढले की 12,500 राहतात. त्यांचा उपयोग ठरलेला आहे. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. त्या रात्री मुलं चहा-बिस्किटांवर काढतात, आणि मेसचा खर्च मांडताना ही जेवणं कुणी धरतच नाही. दहा महिन्यांचे रविवार आणि पाच मुलं धरली की एकेका रात्रीला साठेक रुपये येतात. एवढ्यात कोपऱ्यावरच्या खानावळीत राइस प्लेट मिळते का, ते उद्या विचारून यायचं.