लॉसनच्या मागे जाताय? आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा

जॉन लॉसन हा इंग्रज प्रवासी २८ डिसेंबर १७०० ला अमेरिकेतल्या चार्ल्सटनहून होडीने निघाला, दोनेक महिने कॅरोलायनातून हिंडला आणि हजार मैल चाललो असं पुस्तकात लिहून मोकळा झाला. हजार कसले, साडेपाचशेच्या आसपास भरतात. थापा मारायची सवय इतकी जुनी आहे हे माहीत असूनही त्याच्या वाटेने निघालो आणि मी फसलोच.

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीहून पाच तास गाडी मारून साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरचं अवेंडॉ गाठलं, पुढे बुल्स आयलंड या बेटावर कयाकने जायचं होतं. कयाकवाला म्हणाला दीड तास, एकदम आरामात. ओहोटीबद्दल चकार शब्द नाही. अर्ध्या वाटेत खाडीतलं पाणी घोट्याएवढं झालं, कयाक रुतला, उतरलो तर मांडीपर्यंत गाळात! इथे त्याला प्लफ मड म्हणतात, आणि त्यात कालवं, ब्लेडसारखी धार. सँडल तिथेच राहिली, तळवा कापला, भरतीची वाट बघत तीन तास बसलो आणि डास, बापरे डास. लॉसनलाही याच बेटांवर ऐन हिवाळ्यात डासांनी झोपू दिलं नव्हतं, मी ते वाचलेलं होतं, तरी ऑक्टोबरात गेलो. वर परत आल्यावर त्या माणसाने उशीर झाला आणि कयाक घाण झाला म्हणून ४० डॉलर जादा घेतले.

पुढे सँटी नदीने लॉसनच्या वाटेवर जाऊ असं डोक्यात असेल तर विसरा. १९४० च्या दशकात धरण झालं, आता तिथे लेक मॅरियन आहे. यॅडकिन नदी पायी ओलांडायची जुनी जागा, ट्रेडिंग फोर्ड, त्याच्याही आधी हाय रॉक लेकखाली गेला. कोयनेत गावं गेली तसंच. उरलेलं सगळं हायवे नाहीतर कुणाची तरी खासगी जमीन, मी दोन दिवस नुसती गाडीच चालवली.

नॉर्थ कॅरोलायनातल्या हिल्सबरोला ऑकनीची नावाच्या डोंगरावर गेलो, छान आहे, दीड-दोन तासांत होतो. इनो विल हा वाटाड्या लॉसनला तिथल्याच गावात भेटला होता.

तर जायचंच असेल तर जानेवारीत जा, लेस बांधायचे जुने बूट घाला, सँडल अजिबात नको. भरती चढत असतानाच निघा आणि जादा पैशांचं काय ते आधी लिहून घ्या. खरं सांगू? बुल्स आयलंडला फेरी जाते, अर्ध्या तासात सोडते. रात्री राहू देत नाहीत, प्यायचं पाणी आपलं आपण न्या. मी पुढच्या वेळी फेरीनेच जाणार, तोपर्यंत तळवा भरला म्हणजे मिळवली.