फेरिटिन अकराशे, तरी लोहाचं इंजेक्शन थांबवून भागणार नव्हतं

चेंदणी कोळीवाड्यातल्या एक मावशी ठाण्याच्या आमच्या युनिटमध्ये डायलिसिसला येत. सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. हिमोग्लोबिन ७.२. रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन चालू असूनही ते हलत नव्हतं. मुलाने रिपोर्ट पुढे केला. "मॅडम, लोह अकराशेच्या वर गेलंय. आता लोहाची इंजेक्शनं बंदच करा ना."

त्याची भीती निराधार नव्हती. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, ११४० होतं. पण खालच्या ओळीत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात वापरायला हाताशी असलेलं लोह, फक्त १३ टक्के होतं, आणि माझी नजर तिथेच अडकली. शरीरात कुठे सूज किंवा जंतुसंसर्ग असला की यकृत हेप्सिडिन हे लोह अडवणारं संप्रेरक वाढवतं. मग लोह कोठारात कुलूपबंद राहतं आणि रक्त बनवणारी अस्थिमज्जा उपाशी. फेरिटिनही सुजेमुळे चढतं. डायलिसिसच्या पहिल्या वर्षात मृत्यूचा धोका आधीच मोठा असतो, त्यात ही जोडी दिसली की मला धास्तीच वाटते.

"मावशी, थंडी वाजते का?"

"मशीन लावलं का हुडहुडी भरते. एसीची असंल."

गोधडी घेऊनच येत त्या. येताना ताप नसे, मानेतल्या कॅथेटरची, म्हणजे डायलिसिसच्या नळीची, जागाही स्वच्छ दिसत होती. तरी मशीन लावल्यावरच हुडहुडी भरते म्हणून शंका आली; कॅथेटरमधून आणि हातातून, दोन्हीकडून रक्त कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहायला, पाठवलं. दोन्हींत स्टॅफिलोकोकस हा जंतू वाढला. कॅथेटर काढलं, अँटिबायोटिक सुरू केलं, हृदयाच्या झडपांसाठी इको करून घेतला. झडपा नीट होत्या, केवढा जीव भांड्यात पडला!

लोह तोवर थांबवलंच. जंतुसंसर्ग चालू असताना ते देऊ नये. पण कायमचं बंद करणंही चूक ठरलं असतं, हे मुलाला बसवून समजावलं. ब्रिटनमधल्या पिव्होटल चाचणीत (२०१९) डायलिसिसच्या पहिल्या वर्षातले २,१४१ रुग्ण होते. ज्यांना आधीपासून सढळपणे आयर्न सुक्रोज (शिरेतून द्यायचं लोह) दिलं, त्यांच्यात मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हार्ट फेल्युअर यांचं एकत्रित प्रमाण कमी निघालं. मात्र फेरिटिन ७०० च्या किंवा सॅच्युरेशन ४० टक्क्यांच्या पुढे गेलं की तिथेही हात आखडता घेत.

संसर्ग गेल्यावर फेरिटिन ४२० वर उतरलं. सॅच्युरेशन मात्र १६ टक्केच. तेव्हा डायलिसिस चालू असतानाच आयर्न सुक्रोज द्यायला लागलो. पुढे हिमोग्लोबिन दहाला टेकलं, डाव्या हाताचा फिस्टुलाही (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) वापरात आला. आता मानेत नळी घालायची गरज नाही, याचा मावशींना हिमोग्लोबिनपेक्षा जास्त आनंद झाला.