पिशवीतल्या काळ्या गोळ्या

चीनमधल्या नानजिंगच्या एका रुग्णालयात माझी इंटर्नशिप चालू होती. पहाटे साडेचारला ६८ वर्षांच्या एका आजींना आणलं. अंग घामानं चिंब, बोलणं असंबद्ध, पोटच्या मुलाला ओळखेनात. ग्लुकोमीटरवर २.१. तिथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात. आपल्या हिशेबानं ३८ मिलिग्रॅम, म्हणजे धोकादायक इतकी कमी. शिरेतून ५० टक्के ग्लुकोज दिलं, तशा आजी शुद्धीवर आल्या, पाणी मागितलं. मला हायसं वाटलं. साडेसहाला साखर पुन्हा २.६.

मुलगा सांगत होता, शुगरची एकच गोळी चालू आहे, ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम. रात्री जेवणही नीट झालं होतं. क्रिएटिनिन वाढलेलं होतं, म्हणजे मूत्रपिंडं मंदावली होती, पण तेवढ्यानं माझं समाधान होईना.

सातला चिनी वैद्यकाचे ज्येष्ठ डॉक्टर आले. आम्ही सगळे त्यांना लाओशी, म्हणजे गुरुजी म्हणायचो. मला वाटलं, नेहमीसारखी तीन बोटं मनगटावर ठेवून आधी नाडी पाहतील. त्यांनी मुलाला विचारलं, "डॉक्टरांनी न दिलेलं काय घेतात?"

"औषध नाही हो, जडीबुटीच्या गोळ्या आहेत. शेजारणीनं सुचवल्या."

पिशवी घरून मागवली. बाटलीवर नाव होतं 'शियाओके वान'. शियाओके हे मधुमेहासारख्या दुखण्याचं चिनी वैद्यकातलं फार जुनं नाव: झीज आणि तहान. आत बारीक काळ्या गोळ्या. त्यांत सात वनस्पती, अगदी मक्याच्या कणसाचे केससुद्धा. आणि ग्लिबेनक्लामाइड, दर गोळीत ०.२५ मिलिग्रॅम. बाटलीवर ते स्पष्ट छापलेलं होतं. आजी दिवसातून तीनदा दहा-दहा गोळ्या घेत होत्या, म्हणजे साडेसात मिलिग्रॅम. ग्लिमेपिराइडही त्याच जातीचं औषध. दोन्ही स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. मूत्रपिंडं मंदावली की ग्लिबेनक्लामाइडचा असर रेंगाळतो, म्हणून साखर वर येऊन पुन्हा कोसळत होती.

दुसऱ्या दिवसापर्यंत १० टक्के ग्लुकोजची सलाईन चालली. तासातासाला मी बोट टोचत होतो. संध्याकाळपर्यंत आजी इतक्या वैतागल्या की हात पांघरुणाखाली लपवायच्या. "नाइनाइ, म्हणजे आजी, एकदाच," अशी विनवणी करत मी रात्र काढली.

घरी जाताना दोन्ही गोळ्या बंद झाल्या. मूत्रपिंडाला झेपणारं लिनाग्लिप्टिन आमच्या सरांनी लिहिलं. पायांच्या मुंग्यांसाठी लाओशींनी काढा लिहिला: हुआंगची नावाचं मूळ, दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, पांढरं पिओनी, आलं, चिनी बोरं. दोन्ही एकाच कागदावर, खाली दोघांच्या सह्या. त्या कागदाचा फोटो अजून माझ्याकडे आहे.

आता मी सांगलीत बसतो. नव्या रुग्णाला सांगतो, काका, घरात जे जे घेता ते सगळं पिशवीत भरून आणा. गेल्या आठवड्यात एका पिशवीतून दारुहळदीचं चूर्ण निघालं. तिच्यात बर्बेरिन असतं; हुआंगलियन या चिनी जडीबुटीतही तेच. त्यानं साखर उतरते. केसपेपरवर मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीच्या खालच्या ओळीत मी लिहिलं: दारुहळद, एक चमचा, सकाळ-संध्याकाळ.