मोठा तुकडा

आज धुळ्याच्या स्टँडवर शेजारी दोन म्हातारे, दोघांत एकच डबा, कळण्याची भाकर अन् ठेचा. एकाने भाकर मोडली अन् मोठा तुकडा न बघताच दुसऱ्याकडे सरकवला. मी सहज विचारलं, बाबा, भाऊ-भाऊ का? तर म्हणे, "नाही भो, मोर्चात पकडलं होतं, अकरा दिवस एकाच बराकीत होतो. तेव्हापासून असंच."

तेव्हापासून असंच!

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. याच धुळ्याच्या जेलात 1932 ला विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे अन् साने गुरुजी भराभर लिहून घ्यायचे, तेही आठवलं.

आमचा कॉलेजचा ग्रुप तर कोणाला मत द्यायचं यावरूनच फुटला, आता चहापण वेगळा.

आपण कशासाठी सोबत अडकलोच नाही का कधी?